पाण्याखाली सेन्सरचं जाळं टाकताना

पंधरा लिटरच्या बादलीत पाणी घ्या आणि त्यात अर्धा किलो मीठ विरघळवा. झालं समुद्राचं पाणी. आता छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावा, तो दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधा आणि बादलीच्या मधोमध बुडवा. वीतभर आत जायच्या आधीच गाणं तुटतं. मोबाइल बादलीला टेकवून धरला तरी तेच.

जमिनीवर सेन्सर नेटवर्क उभारलेली मंडळी पाण्यात उतरतात तेव्हा पहिली चूक इथंच होते. रेडिओ थोडा जास्त ताकदीचा घेतला की भागेल, असं वाटतं. भागत नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि रेडिओलहर त्यातच जिरते. १० किलोहर्ट्झइतक्या खालच्या कंप्रतेलासुद्धा (फ्रिक्वेन्सीला) समुद्रात दर अडीच मीटरला लहरीचा जोर एक तृतीयांशाच्या आसपास येतो. निळा-हिरवा प्रकाश स्वच्छ पाण्यात काही दहा मीटर जातो, पण खाडीच्या तोंडाशी स्वतःची बोटं दिसत नाहीत तिथं त्याचा काय उपयोग? उरतो आवाज. पाण्यात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो. हवेच्या मानाने चारपट वेगवान, रेडिओच्या मानाने दोन लाख पटींनी मंद. पुढची सगळी डोकेदुखी आणि सगळी मजा या एका गोष्टीतून निघते.

हा लेख पहिल्यांदाच दहा-वीस नोडचं जाळं उथळ पाण्यात टाकणाऱ्यांसाठी आहे. नोड म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि आवाजाने संदेश पाठवणारा-ऐकणारा मोडेम असलेली एक बंद नळी. हाताशी एक उदाहरण असू द्या: दक्षिण कोकणातला ९०० मीटर लांब, ६०० मीटर रुंद असा एखादा छोटा उपसागर. ओहोटीला सरासरी १० मीटर पाणी. पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनासाठी तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही मोजायचे.

१. आधी पाणी मोजा, मग नकाशा काढा

बहुतेक जण उलटं करतात. संगणकावर छान जाळी आखतात, मोडेमच्या माहितीपत्रकात लिहिलेली ‘२ किमी पल्ला’ ही ओळ खरी मानतात आणि होडी भाड्याने घेतात. तो पल्ला कुठल्या तरी खोल, शांत, एकसारख्या पाण्यातला असतो. आपलं पाणी तसं नसतं.

होडी घ्या, पण पहिल्या दिवशी नोड नेऊ नका. तापमान नोंदवणारा साधा लॉगर दोराला बांधा, दोरावर दर मीटरला रंगीत चिकटपट्टी लावा, आणि सकाळी सहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला वरून तळापर्यंत मीटर-मीटरने सोडा. प्रत्येक मीटरला मिनिटभर थांबा, लॉगरला स्थिर व्हायला वेळ लागतो. असं किमान तीन ठिकाणी करा. तांडेलाला ‘इथं किती वाव पाणी?’ हे जरूर विचारा (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी). त्याचं उत्तर आणि तुमचा दोर जुळला नाही तर आधी दोर तपासा.

हे एवढं का करायचं, ते आकड्यांत बघा. दुपारी वरचं पाणी ३० अंश आणि तळाचं २७ अंश आहे असं धरू. क्षारता तीच. आवाजाचा वेग वर सेकंदाला सुमारे १५४५ मीटर, खाली १५३९. फरक जेमतेम सहा-साडेसहा मीटरचा. पण आवाज नेहमी कमी वेगाच्या थराकडे वळतो, म्हणजे इथं खाली. या फरकाने आडवा निघालेला किरण दोनशे मीटर जाईपर्यंत आठ मीटरहून जास्त खाली झुकतो. दहा मीटर पाण्यात आठ मीटर! तळाशी बसलेल्या नोडकडून निघालेला सरळ आवाज पृष्ठभागाला चाटून पुन्हा खाली वळतो आणि त्यापलीकडे वरच्या पाण्यात सावली पडते. तळाच्या मीटरभर वर ठेवलेला नोड आणि बोयाखाली (वर तरंगणारा, जाळ्याचं टपाल किनाऱ्याला पाठवणारा तो बोया) १ मीटरवर टांगलेला मोडेम यांची थेट गाठ या पाण्यात साधारण २७५ मीटरपर्यंतच पडते. तोच मोडेम ४ मीटर खोल उतरवला तर पल्ला ३४५ मीटरपर्यंत जातो. ना बॅटरी वाढवली, ना मोडेम बदलला. दोर तीन मीटर लांब केला, एवढंच.

तळावरून आणि पृष्ठावरून उसळून आलेला आवाज सावलीतही थोडा पोचतो, हे खरं. पण खाडीचा तळ मऊ चिखलाचा असला तर तो आवाज पिऊन टाकतो. आणि उसळ्या मारत आलेले तुकडे मूळ संदेशाच्या मागून येऊन त्याच्यावरच पडतात. उथळ पाण्यात दोनशे मीटरवर चार उसळ्या घेतलेला आवाज थेट आवाजापेक्षा दोन-अडीच मिलिसेकंद उशिरा येतो. एकेक बिट मिलिसेकंदात पाठवणाऱ्या मोडेमला तेवढं पुरतं गोंधळायला.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिलं जाळं आम्ही समुद्रात नव्हे, एका धरणाच्या जलाशयात टाकलं होतं, मार्चअखेरीस, पाच नोडचं. सकाळी सगळे बोलत होते. दुपारी एकनंतर दोन नोड गप्प. बॅटरी गेली असं ठरवून नळकांडी वर काढली, उघडली, नव्या बॅटऱ्या घातल्या, संध्याकाळी सोडली. चालू! आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गप्प. तीन दिवस हा खेळ झाल्यावर कुणीतरी थर्मामीटर पाण्यात सोडला. वरच्या दोन मीटर पाण्यात हात घातला तर कोमट लागत होतं. बॅटऱ्या ठणठणीत होत्या. १९३०च्या दशकात अमेरिकी आरमाराच्या सोनारवाल्यांनाही हेच भोवलं होतं. सकाळी ऐकू येणारी पाणबुडी दुपारी गायब व्हायची आणि खापर यंत्र चालवणाऱ्याच्या माथी फुटायचं.

जलाशयात सराव जरूर करा, स्वस्त पडतो. पण तिथला पल्ला समुद्रात गृहीत धरू नका. समुद्रात आपल्या कामाच्या कंप्रतेला आवाज शोषून घेण्याचं मोठं काम पाण्यात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट करतं, ते गोड्या पाण्यात नसल्यातच जमा. शिवाय समुद्रात गोंगाट असतो. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, खडपाजवळ सोडून हेडफोन लावा: कढईत लाह्या फुटाव्यात तसा अखंड तडतडाट ऐकू येतो. तो एका बारीक कोळंबीच्या नांगीचा आवाज. उबदार, उथळ पाण्यात २ किलोहर्ट्झच्या वर बऱ्याचदा तिचंच राज्य असतं. खडपापासून शंभर-दोनशे मीटर सरकलात तरी फरक जाणवतो.

कंप्रता निवडताना एक हिशेब पुरे. थंड पाण्यावर बेतलेल्या नेहमीच्या सूत्राने शोषणामुळे १० किलोहर्ट्झचा आवाज दर किमीला सुमारे १.२ डेसिबल घटतो, २५ चा ६, ५० चा साडेसतरा आणि १०० चा ३४. आपल्या उपसागरात शेजारी दोनशे मीटरवर आहेत, तेव्हा २५ ते ५० च्या दरम्यानचा मोडेम बरा: आकाराने लहान, वेगाने जास्त, आणि एवढ्याशा अंतरात शोषण किरकोळ. पाच किमी गाठायचे असते तर १० च्या आसपास उतरावं लागलं असतं. आणखी एक. वेगवेगळ्या कंपन्यांचे मोडेम सहसा एकमेकांशी बोलत नाहीत. २०१७ मध्ये नाटोने जेनस नावाचं समान मानक स्वीकारलं, ते साडेअकरा किलोहर्ट्झच्या आसपास चालतं. घेताना विक्रेत्याला विचारा, नाही तर सगळे मोडेम एकाच घरचे घ्या.

२. एक सेन्सर किती जागा ‘बघतो’?

कव्हरेजवरचे, म्हणजे सेन्सरांनी जागा कशी झाकायची यावरचे, लेख प्रत्येक सेन्सरभोवती एक गोल काढतात आणि पुढे निघतात. तो गोल आला कुठून, हे कुणी सांगत नाही. हायड्रोफोनला किंवा माशांच्या टॅगचे सूर टिपणाऱ्या रिसीव्हरला खरोखर पल्ला असतो. तापमानाचा सेन्सर मात्र फक्त त्याच्या टोकाला लागलेलं पाणी मोजतो. त्याची त्रिज्या म्हणजे ‘किती अंतरापर्यंत पाणी साधारण असंच आहे’, एवढंच.

ती शोधायची पद्धत सोपी आहे. लॉगर ठरावीक खोलीवर धरून होडी सरळ रेषेत हळूहळू चालवा, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. तुम्हाला चालणारा फरक आधी ठरवा, समजा अर्धा अंश. कुठल्याही दोन नोंदींत तेवढा फरक पडायला किती अंतर लागतं ते पाहा, आणि सगळ्यांत कमी भरलेलं अंतर धरा. सरासरी नको. आपल्या उदाहरणात ती त्रिज्या १२० मीटर आली असं समजू. ऑक्सिजनची वेगळी येईल, बहुधा लहान. ज्याची लहान त्याच्यावर आखणी करा.

३. आखणी: चौकोन सोडा, त्रिकोण धरा

सपाट जागा गोलांनी भोक न ठेवता झाकायची तर नोड समभुज त्रिकोणांच्या टोकांवर ठेवणं सर्वांत काटकसरीचं. दोन शेजाऱ्यांतलं अंतर त्रिज्येच्या १.७३ पट. म्हणजे १२० मीटर त्रिज्येला २०८ मीटर. चौकोनी जाळीत हे अंतर १.४१ पट, म्हणजे १७० मीटरच ठेवता येतं.

आता मोजा. ५,४०,००० चौरस मीटर जागा, त्रिकोणी जाळीत एका नोडच्या वाट्याला सुमारे ३७,४०० चौरस मीटर. भागाकार येतो साडेचौदाच्या आत. पंधरा नोड पुरले म्हणायचे? कागद आणि पेन्सिल घेऊन खरोखर आखा. ओळींमधलं अंतर १८० मीटर. पहिली ओळ काठापासून ६० मीटर आत, मग २४०, ४२० आणि ६०० वर. चार ओळी. प्रत्येक ओळीत पाच नोड, एकाआड एक ओळ १०४ मीटर सरकवलेली. झाले वीस. कडेच्या नोडांचे अर्धे गोल जमिनीवर वाया जातात, आणि जागा जितकी लहान तितका हा भुर्दंड मोठा. चौकोनी जाळीत हेच चोवीस झाले असते. भागाकारावर अंदाजपत्रक काढून मोकळे झालेले लोक मी पाहिलेत. मोडेमची किंमत लाखांत असते, पाच मोडेम कमी पडले की प्रकल्प तिथंच बसतो.

पैसे वाचवायची खरी जागा वेगळी आहे. प्रत्येक सेन्सरला मोडेम लागत नाही. एकाच दोरावर तीन खोल्यांना तीन सेन्सर बांधून ते केबलने एका मोडेमला जोडा. ज्या कोपऱ्यातली माहिती आजच्या आज नको, तिथं नुसता लॉगर ठेवा आणि महिन्याने काढा. सेन्सर तळाशी हवा म्हणून मोडेमही तळाशी, असंही नाही. ऑक्सिजन तळाशी मोजा, मोडेम पाच-सहा मीटरवर ठेवा.

४. जोडणी: इथं घाई नको

कव्हरेज झालं म्हणजे जोडणी झाली, असं पुस्तकात एका अटीवर म्हणतात. बोलण्याचा पल्ला बघण्याच्या त्रिज्येच्या दुप्पट असेल तर पूर्ण झाकलेली जागा आपोआप जोडलेली असते, नोड कसेही पडले तरी. नेटक्या त्रिकोणी जाळीत १.७३ पटही चालतं. आपल्याकडे २०८ मीटर हवेत आणि दुपारचा पल्ला २७५ ते ३४५. कागदावर काम झालं.

पण पल्ला म्हणजे पट्टीने काढलेला गोल नव्हे. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, उधाणाच्या दिवशी वारा सुटला की आणखी वेगळा. तेव्हा गोल विसरा आणि दुव्यांची वही करा. दोन मोडेम दोन होड्यांवरून ठरलेल्या खोलीवर सोडा, अंतर २०८ मीटर, दोन्ही इंजिनं बंद. एकाने शंभर संदेश पाठवायचे, दुसऱ्याने मोजायचे. मग उलट. उलट करायला विसरू नका, कारण एका टोकाला खडप असेल तर तो नोड बोलतो पण ऐकत नाही. ही चाचणी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घ्या. दोन्ही दिशांनी ऐंशीच्या वर पोचले तरच तो दुवा वहीत ‘आहे’ म्हणून लिहा. सकाळी पंचाण्णव आणि दुपारी चाळीस असेल तर तो दुवा नाही. कुणी कितीही हळहळलं तरी नाही.

मग वीस ठिपके काढा, ‘आहे’ असलेले दुवे जोडा आणि एकेक ठिपका बोटाने झाका. उरलेल्या प्रत्येकाची वाट बोयापर्यंत पोचते का? ज्या ठिपक्यावर बोट ठेवल्याने दोन-चार नोड तुटतात, तो तुमचा नाजूक जागेचा नोड. तिथं दुसरा नोड द्या किंवा शेजाऱ्याची खोली बदलून नवा दुवा मिळतो का बघा. पाण्यात एक नोड गेल्याशिवाय हंगाम सरत नाही. ट्रॉलर ओढून नेतो, दोर झिजतो, झाकणातून पाणी शिरतं.

बोया किती? कोपऱ्यात एकच ठेवला तर सगळ्यांचं टपाल त्याच्या दोन-तीन शेजाऱ्यांच्या खांद्यावरून जातं आणि त्यांच्या बॅटऱ्या आधी संपतात. बाकीचे ठणठणीत असूनही जाळं मुकं. मधोमध ठेवला तर ओझं सहा जणांत वाटलं जातं. दोन ठेवले, एक दुसऱ्या ओळीत डावीकडे आणि एक तिसऱ्या ओळीत उजवीकडे, तर रात्री झोप लागते. बोयावरून किनाऱ्याला मात्र रेडिओ चालतो: मोबाइलची रेंज असेल तर तीच, नाही तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा लोरा (थोड्या विजेवर लांब जाणारा रेडिओ), त्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. परदेशी व्हिडिओ बघून इरिडियमचं उपग्रह-यंत्र मागवू नका. विनापरवाना उपग्रह-फोन वापरणं भारतात गुन्हा आहे.

बॅटरीचा हिशेब नवख्यांना हमखास चकवतो. पाठवताना मोडेम समजा २० वॉट घेतो आणि नुसतं ऐकत बसताना अर्धा वॉट. दर दहा मिनिटांनी सेकंदाचा एक संदेश, म्हणजे तासाला १२० ज्यूल. ऐकण्याचे तासाला १८०० ज्यूल! म्हणजे बॅटरी बोलण्याने नव्हे, कान टवकारून बसल्याने संपते. म्हणून पाळ्या लावा. संदेश एक सेकंदाचा, शेजाऱ्यापर्यंत पोचायला ०.१४ सेकंद, थोडी सूट धरून एकाची पाळी १.३ सेकंदाची. वीस जणांची फेरी २६ सेकंदांत होते. दूरच्या नोडांचं टपाल पुढे ढकलायला आणखी दोन-तीन फेऱ्या धरा. मग पुढची आठ मिनिटं सगळे झोपू देत. घड्याळं महिनाभर पाण्यात राहिली की एकमेकांपासून सरकतात, म्हणून दिवसातून एकदा बोयाकडून वेळ पाठवा. ‘आधी ऐका, शांत असेल तर बोला’ ही वाय-फायची रीत इथं पांगळी ठरते: तुम्हाला शांतता ऐकू येते तेव्हा दुसऱ्याचा आवाज अजून वाटेत असतो.

होडीचा खर्च करण्यापूर्वी हे सगळं संगणकावर एकदा चालवून बघता येतं. तुमचा मोजलेला तापमानाचा आराखडा बेलहॉप या किरण काढणाऱ्या प्रोग्रॅमला द्या, तो सावल्या दाखवतो. संदेशांची रहदारी बघायला सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून आलेलं युनेटस्टॅक आहे.

५. खोल समुद्राबद्दल थोडक्यात

पाणी शंभर-दोनशे मीटर असेल तर सपाट जाळी पुरत नाही, घनफळ झाकावं लागतं. घनांच्या जाळीत नोड त्रिज्येच्या १.१५ पट अंतरावर येतात आणि गोलांचा जेमतेम ३७ टक्के भाग कामी लागतो. केल्विनने १८८७ मध्ये मांडलेला, कोपरे कापलेल्या अष्टफलकाचा आकार घेतला तर ६८ टक्के. त्यासाठी बोलण्याचा पल्ला त्रिज्येच्या किमान १.७९ पट हवा. गणित देखणं आहे. पण नोडला पाण्याच्या मध्यात त्या बिंदूवर धरून ठेवणार कोण? प्रत्यक्षात उभे दोर आणि त्यावर ओळीने बांधलेले नोड, हेच होतं. उभा दुवा आडव्यापेक्षा सोपाही असतो, उसळ्या कमी. २००४ च्या त्सुनामीनंतर आपल्याकडे जी पूर्वसूचना यंत्रणा उभी राहिली आणि २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रातून चालते, तिच्यात समुद्रतळावरचा दाबमापक खोल पाण्यातून असाच सरळ वर, बोयाशी, आवाजाने बोलतो. दोन नोडचं जाळं, पण त्याच्यावर किनारे अवलंबून.

६. ठोकळा, दोर, तरंगा

नोडचा दोर तळाशी धरून ठेवणारा काँक्रीटचा ५० किलोचा ठोकळा पाण्यात सुमारे २९ किलोच भरतो. लोखंड ५० चं ४३ राहतं. हे विसरून टाकलेले नोड उधाणात चालायला लागतात. दोर ताठ उभा धरणाऱ्या तरंग्याची वर ओढ १० किलो आणि प्रवाहाचा आडवा रेटा ४ किलो असेल तर दोर बावीस अंशांनी कलतो. ८ मीटर दोराला नोड ३ मीटर बाजूला आणि अर्धा मीटर खाली जातो, चालतंय. १०० मीटर दोराला ३७ मीटर बाजूला जातो, ते आखणीतच धरा. तरंगा सर्वांत खालच्या ओहोटीलाही पाण्याखाली राहील इतका खोल हवा, नाही तर होडीच्या पंख्यात जाईल. कोकणात भरती-ओहोटीतला फरक दोन-तीन मीटर, मुंबईकडे पाचपर्यंत, खंभातच्या आखातात दहाच्या आसपास. दुसऱ्याच्या भागातला आराखडा उचलू नका.

मोडेमचं आवाज काढणारं टोक शेजाऱ्यांना ‘दिसलं’ पाहिजे. तरंगा, बॅटरीची नळी, साखळी, काहीही त्याच्या आडव्या रेषेत नको. पाण्यात सोडण्याआधी त्या टोकावरून साबणाच्या पाण्याचा हात फिरवा. कोरड्या रबरावर हवेचे बुडबुडे चिकटून बसतात आणि आवाज तिथंच अडतो.

नळीच्या झाकणाला ओ-रिंग असते. सगळं जाळं शेवटी त्या काळ्या रबरी कड्यावर उभं असतं. घरी, पंखा बंद करून, चांगल्या उजेडात बसा. कडं काढून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, खाचही पुसा. सिलिकॉनचं ग्रीस बोटाने इतकंच लावा की कडं चमकेल, लिबलिबणार नाही. मग टॉर्च तिरपा धरून पूर्ण फेरी बघा. एक केस पुरतो. आडवा पडलेला केस म्हणजे पाण्याला आत यायला बोगदा. आत कोरडा टिश्यू ठेवा, झाकण लावा, रात्रभर पाण्याच्या पिंपात वजन ठेवून बुडवा. सकाळी टिश्यू कोरडा असेल तरच तो नोड होडीत चढेल.

स्टील आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लावू नका, खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये प्लास्टिकची चकती घाला आणि जस्ताचा तुकडा बांधा.

७. परवानगी आणि शेजार

बंदर खातं किंवा मेरीटाइम बोर्ड, मत्स्य विभाग, तटरक्षक दल यांना आधी लिहा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथल्या हद्दीत वन विभागाशिवाय काही टाकायचं नाही. पण खरी परवानगी मच्छीमार सोसायटीत मिळते. रापण कुठं ओढतात, कुणाची जाळी कुठल्या महिन्यात कुठं असतात, हे कुठल्याच नकाशावर नाही. तुमच्या वीस जागांची यादी घेऊन जा आणि त्यांना खोडू द्या. आमच्या एका आराखड्यातल्या तीन जागा एका म्हाताऱ्या मच्छीमाराने बोटाने दाखवून रद्द केल्या होत्या. ‘हय दोर ऱ्हवाचो नाय,’ एवढंच म्हणाले. नोडवर संपर्काचा फोन रंगवून ठेवा. जाळ्यात आला तर परत यायची शक्यता वाढते.

८. टाकायचा दिवस

उधाण टाळा. अमावस्या-पौर्णिमेपासून दूर, अष्टमीच्या आसपासच्या भांगेला पाण्याची ओढ कमी असते. भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा माहीत असेलच, तिथीला पाऊणने गुणायचं: अष्टमीला साधारण सहाला भरती. जागेप्रमाणे फरक पडतो, छापील तक्ता बघून घ्या. काम भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात, वारा उठण्याआधी सकाळी.

पहिला बोया. मग त्याच्या शेजारचे नोड, मग त्यांच्या पलीकडचे. प्रत्येक नोड टाकला की इंजिन बंद करून तो बोयापर्यंत बोलतो का ते बघा, मगच पुढे. सगळे वीस टाकून किनाऱ्यावर येऊन लॅपटॉप उघडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा होडीचं भाडं द्यावं लागतं. ठोकळा हातातून सुटतो तेव्हा नव्हे, तो तळाला लागून दोर सैल पडतो त्या क्षणी जीपीएस नोंदवा. तेवढ्यातही होडी वाहिलेली असते, म्हणून नंतर तीन वेगळ्या जागांवरून मोडेमनेच अंतर मोजा आणि तीन वर्तुळं कुठं छेदतात ते पाहा. इथं आवाजाचा वेग पुस्तकातला १५०० घालू नका. २८ अंशांच्या समुद्रात तो १५४१ आहे, ३०० मीटरवर आठ मीटरची चूक होते.

वीसपैकी एक नोड मुद्दाम हातात ठेवा. संध्याकाळी कुठं भोक पडलंय ते कळतं, तो तिथं.

९. त्यानंतर

पहिला आठवडा मोजमापांकडे बघू नका, संदेशांकडे बघा. प्रत्येक दुव्याचे पोचलेले टक्के तासागणिक मांडा. दुपारी खड्डा पडत असेल तर थर आहे: नोडची जागा नव्हे, मोडेमची खोली बदला. दिवसातून दोनदा, रोज पाऊण-एक तास उशिरा सरकत खड्डा पडत असेल तर भरती-ओहोटी आहे: दोर कलतोय किंवा मध्ये खडप येतंय. ठरावीक वेळी, पण रविवारी नाही, असं असेल तर पर्यटकांच्या नाहीत, मच्छीमारांच्या होड्या आहेत: फेरीची वेळ बदला. सलग उतरत चालला असेल तर बॅटरी किंवा शेवाळ-शिंपले. आपल्या उबदार पाण्यात काही आठवड्यांतच सगळ्यावर दाढी उगवते, ऑक्सिजन आणि गढूळपणाचे सेन्सर सर्वांत आधी खोटं बोलू लागतात. महिन्यातून एकदा मऊ ब्रश घेऊन जायचंच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं वर काढा. १ जूनला मासेमारी बंदी सुरू होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि त्यानंतर तुमचं जाळं पावसाळी समुद्राच्या हवाली. काढलेले नोड आधी गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत ठेवा. ज्याच्या झाकणाशी पांढरा थर दिसतो किंवा हलवल्यावर आत पाणी डचमळतं, ती नळी घाईने उघडू नका. लिथियम बॅटरीला खारं पाणी लागलं असेल तर आत वायू दाबून बसलेला असतो आणि झाकण गोळीसारखं सुटतं. नळी उघड्यावर न्या, झाकण माणसांकडे नाही अशी आडवी धरून बांधा, आणि दाब सोडायचा स्क्रू बाजूला उभं राहून अर्धा-अर्धा आटा फिरवा. फुसफुस थांबेपर्यंत पुढचा आटा नाही.